डे लिलीचे ठोंब कधी आणि कसे फोडायचे? (न्यू जर्सी)

अंगणवेडी

नमस्कार मंडळी. या वर्षी आम्ही एडिसनजवळ एक जुनं घर घेतलं. घराबरोबर आधीच्या मालकीणबाईंची बागही आली, आणि मला बागेतलं ओ की ठो कळत नाही. मार्चअखेर जमिनीतून पोपटी पात्यांचे झुपके वर आले, जूनमध्ये फुलं सुरू झाली, तेव्हा शेजारच्या आजींनी कुंपणावरून सांगितलं की ही सगळी डे लिली आहे आणि बरीच वर्षं कुणी तिला हात लावलेला नाही.

तीन प्रकार दिसतात. एक रस्त्याकडच्या कुंपणाला, थेट टपालपेटीपर्यंत पसरलेली. उंच, विटकरी-केशरी फुलांची. हिची फुलं जुलैत संपली, आता नुसता पाला लोळतोय. दुसरी पायवाटेच्या दोन्ही अंगांना, जेमतेम फूटभर उंच, पिवळीधमक. ती जूनपासून आजपर्यंत थोडी थोडी फुलतेच आहे, पण ठोंब इतके दाट झालेत की मधल्या भागात फूल म्हणून नाही, जे काय ते कडेला. तिसरी मागच्या डेकपाशी, एकच मोठा ठोंब. गर्द वांगी रंगाचं फूल, गळ्याशी पोपटी. ही माझी लाडकी. हिच्या एका वाळत चाललेल्या दांड्यावर मधेच चार पानांचं पिल्लू फुटलंय, ते काय प्रकरण आहे तेही सांगा.

गणपतीला घरी बरीच मंडळी येणार आहेत. प्रसादाबरोबर प्रत्येकीला एकेक रोप द्यावं असं मनात आहे. आत्ता, ऑगस्टअखेर, ठोंब फोडले तर चालतात का, की वसंतापर्यंत थांबू? एका ठोंबाचे किती भाग करायचे? नवरा म्हणतो कुऱ्हाड आण, मोकळं करू. आणि सासूबाई सप्टेंबरात येतायत, त्यांना परत जाताना नाशिकला एक-दोन गड्डे न्यायचेत. जमेल का?

के_पी

सोपं आहे. पानं पिवळी पडली की कांदे खणून काढा, सावलीत वाळवा, कागदी पिशवीत घालून तळघरात ठेवा आणि एप्रिलमध्ये लावा. आमच्याकडे निशिगंधाचं असंच करायचे.

खोडवा

के_पी, रागावू नका, पण हा सल्ला इथे लागू नाही. डे लिलीला कांदा नसतोच. नावात लिली आहे तेवढीच. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी हिला आता खऱ्या लिलीच्या घरातून काढून कोरफडीच्या कुळात बसवलंय. जमिनीखाली असतो तो गड्डा, आणि त्याला जाड, मांसल मुळं, त्यांतल्या काहींना लांबट फुगीर गाठी. त्या गाठींत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. म्हणून ही चार दिवस सावलीत उघडी पडली तरी मरत नाही, पण हिवाळाभर पिशवीत कोरडी ठेवलीत तर एप्रिलमध्ये हातात चिपाडं येतील.

ताई, मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला. आता साऊथ ब्रन्सविकला घराभोवती जेवढी माती आहे तेवढीच माझी शेती. त्यात डे लिली भरपूर. तेव्हा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

पहिली गोष्ट, फावडं उचलायच्या आधी तिघींना वेगवेगळं ओळखा. तुम्ही तिघींचं एकच करायला निघालाय, आणि तिथेच पुढची दहा वर्षं स्वतःला आणि मैत्रिणींना काम लावून ठेवाल.

कुंपणाची केशरी. वर्णनावरून ही हेमेरोकॅलिस फुल्वा, आणि तिच्यातला 'युरोपा' नावाचा जुना वाण. इथे हिला डिच लिली म्हणतात, कारण रस्त्याकडेच्या चरांतून मैलोन् मैल हीच दिसते. मूळची आशियातली, युरोपातल्या बागांतून वसाहतवाल्यांबरोबर इकडे आली. आता नवल ऐका. हिला बी धरत नाही. साध्या डे लिलीत गुणसूत्रं २२ असतात, हिच्यात ३३. तीन संच असल्यामुळे त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि बीज तयार व्हायचं राहून जातं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधले आर्लो बर्डेट स्टाउट यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या वांझपणाचा पिच्छा पुरवला, आणि आजच्या रंगीबेरंगी संकरित जातींचा पाया त्यांच्याच कामातून पडला. म्हणजे बी नाही, पक्षी नाही, वारा नाही, तरी ही बाई अर्धी अमेरिका चालून गेली. कशी? जमिनीखालून आडवे कोंब सोडत, आणि माणसांच्या फावड्यावर बसून. कुणीतरी कुणालातरी प्रेमानं गड्डा दिला, त्यानं पुढच्याला दिला. उरलेलं फेकलं ओढ्याकाठी, तिथेही ती रुजली.

तर ही प्रसादाबरोबर कुणालाही देऊ नका. पूर्वेकडच्या काही राज्यांत हिचं नाव उपद्रवी झाडांच्या यादीत आहे. तुमच्या मैत्रिणीच्या वाफ्यात एकदा शिरली की तिच्या गुलाबांच्या बुडातून कोंब काढेल, आणि मैत्रीण दर मे महिन्यात तुमचं नाव घेईल. तुम्हाला कुंपणाला आवडत असेल तर खुशाल ठेवा, उतारावरची माती धरून ठेवायला तिच्यासारखी दुसरी नाही. फक्त एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला हिरवळ कापायचं मशीन फिरत राहील एवढं बघा. कापत राहिलं की ती त्या बाजूला दमते.

पायवाटेची पिवळी. फूटभर उंची, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा फुलणं, यावरून मी तरी 'स्टेला दे ओरो' म्हणेन. इंडियानातल्या वॉल्टर जॅब्लॉन्स्की यांनी ही १९७५ मध्ये नोंदवली, १९८५ मध्ये तिला डे लिलीतलं सर्वोच्च मानाचं स्टाउट पदक मिळालं, आणि तेव्हापासून पेट्रोल पंप, बँक, दवाखाना, जिथे बघाल तिथे हीच. लोक नाकं मुरडतात, फार झाली म्हणून. मला आवडते. नवख्या माणसाच्या हाताला ही यश देते. फोडायला आणि वाटायला हीच घ्या. मधे फुलं येत नाहीत याचं कारण नुसती दाटी. फुटव्यावर फुटवा चढलाय, आतल्यांना ऊनही नाही आणि मातीही नाही. तीन ते पाच वर्षांनी फोडायला हवी होती, ती राहून गेली.

डेकजवळची वांगी रंगाची. ही कुठली तरी संकरित जात. ठोंबाच्या बुडाशी माती उकरून बघा, जुन्या बागायतदार बायका जस्ताची पट्टी रोवून ठेवतात, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं नाव सापडलं तर सोनं. नाही सापडलं तर इंटरनेटवरच्या फोटोशी जुळवून नाव ठेवू नका. अमेरिकन हेमेरोकॅलिस सोसायटीकडे एक लाखाहून जास्त जातींची नोंद आहे, त्यांत गर्द जांभळट आणि हिरव्या गळ्याच्या शेकड्यानं निघतील. 'डेकजवळची' हे नाव काय वाईट आहे?

आता फोडणं. वेळ अगदी बरोबर साधलीत. मुख्य बहर संपलेला, उन्हाची धग उतरायला लागलेली, आणि जमीन अजून गरम. आपल्या भागात मध्य ऑगस्ट ते सप्टेंबरअखेर हा काळ चांगला. जमीन गोठायच्या आधी किमान सहा आठवडे नव्या मुळांना मिळाले पाहिजेत. दुसरी वेळ एप्रिलमध्ये, कोंब चार बोटं वर आले की. तेव्हाही फोडता येतं, पण त्या उन्हाळ्याची फुलं कमी होतात.

आदल्या दिवशी ठोंबाला भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी पाला वीतभर ठेवून सरळ कापून टाका. हात थरथरेल, पण कापा. खणताना मुळं तुटणार, त्यांना एवढा पाला पोसवणार नाही. वाळलेले दांडे ओढले की बहुतेक हातात येतात. मग ठोंबापासून वीतभर लांब, चारही बाजूंनी दातेरी फावडं खाली घाला. गार्डन फोर्क मागा दुकानात. सपाट फावड्यानं मुळं कापली जातात, दातेरीनं उचलली जातात. सगळीकडून सैल झालं की एका बाजूनं तरफ लावून वर काढा. जुना ठोंब जड असतो, नवऱ्याचा उत्साह इथे वापरा. कुऱ्हाड घरात राहू द्या.

बाहेर काढला की पाण्याच्या पाइपानं माती पूर्ण धुवा. हे काम बरेच जण टाळतात आणि मग मातीच्या गोळ्यात सुरी घालून नेमका गड्डा चिरतात. माती गेली की सगळं उघड दिसतं. पंख्यासारखी एका पातळीत उघडलेली पानांची जुडी म्हणजे एक फुटवा, खाली त्याचा स्वतःचा गड्डा आणि स्वतःची मुळं. केळीच्या कंदाला मुनवे लागतात तसे हे फुटवे एकमेकांना चिकटलेले असतात. दोन्ही हातांत धरून मागंपुढं हलवत राहा, बरेचसे आपोआप सुटतात. मुळांचा गुंता असेल तर पाण्याच्या टबात बुडवून बोटांनी सोडवा. जिथे गड्डेच जुळलेले आहेत तिथे पाव कापायची दातेरी सुरी घ्या आणि दोन फुटव्यांच्या मधून उभी चालवा. काळी, पोकळ, मऊ मुळं कापून टाका. पांढरी, टणक ठेवा. कापलेल्या जखमा एखादा दिवस सावलीत सुकू दिल्या तर चांगलंच.

किती भाग? दोन ते तीन फुटव्यांचा एक. एकेका फुटव्याचेही जगतात, पण वर्षभर नुसती मुळं बसवत बसतात. तुम्हाला द्यायची आहेत तर जरा भरलेली द्या.

लावताना एकच नियम पाळा, खोल गाडू नका. गड्ड्यावर पांढऱ्याचं हिरवं होतं ती रेघ दिसते, ती मातीच्या खाली फार तर इंचभर. खोल गेली की झाड जगतं पण रुसतं, फुलं देत नाही, आणि माणसं खतावर खत घालत बसतात. खड्डा रुंद घ्या, तळाशी मधोमध मातीची छोटी ढिगळी करा, त्यावर गड्डा बसवून मुळं चारही अंगांना खाली सोडा, माती लोटा, दाबा, आळं करून पाणी. दोन रोपांत दीड ते दोन फूट. निदान सहा तास ऊन. आत्ता खत नको, थंडीच्या तोंडावर कोवळा पाला फुटायला नको.

के_पी

कांद्याची फाइल बंद. 🙏 माहिती भारी आहे.

रानजाई

खोडवाकाकांनी बरंच लिहिलंय, मी दांड्यावरच्या पिल्लाबद्दल सांगते. ओहायोत राहते, डे लिलीचे संकर करायचा नाद आहे.

ते पिल्लू म्हणजे लॉटरी. त्याला प्रोलिफरेशन म्हणतात. दांड्यावरच्या पेरापाशी कधी कधी फुलाऐवजी पानांचा छोटा फुटवा निघतो, आणि तो आईशी शंभर टक्के सारखा असतो. म्हणजे तुमच्या लाडक्या ठोंबाला धक्का न लावता तुम्हाला दुसरं तेच झाड मिळतंय. दांडा पिवळा पडायला लागला की पिल्लाच्या वर आणि खाली इंच-इंच दांडा ठेवून कापा. कधी बुडाशी मुळांचे छोटे कोंब दिसतात, नसले तरी चालतं. ओलसर कुंडीमिश्रणात दांड्याचा खालचा तुकडा खोचा, पिल्लाचं बूड मातीला टेकेल असं. पहिला हिवाळा घरात, उजेडाच्या खिडकीत काढा आणि मे महिन्यात बाहेर लावा.

बियांचा मोह होईल, म्हणून तेही सांगून टाकते. पिवळीला किंवा वांगीला फुगीर हिरव्या शेंगा दिसल्या तर आत काळ्या चमकदार बिया असतील. त्या लावल्यात तर उगवतील, पण येणारं झाड आईसारखं नसेल. फुलांच्या रंगात, उंचीत, सगळ्यातच कौल लागतो. स्टेलाच्या बियांपासून आलेल्या झाडाला स्टेला म्हणायचं नाही, हा आमच्यातला शिष्टाचार. तेच फूल हवं असेल तर फोडणं किंवा असं पिल्लू, तिसरा घरगुती मार्ग नाही.

नवीनच काहीतरी हवं असेल तर मात्र बियांसारखी मजा नाही. सकाळी, ऊन तापायच्या आत, एका फुलाचा पुंकेसर तोडून त्याचे पराग दुसऱ्याच्या लांब कुक्षीवृंताच्या (मधल्या स्त्रीकेसराच्या देठाच्या) टोकाला लावायचे. फूल एकाच दिवसाचं, त्यामुळे उद्यावर ढकलता येत नाही. शेंग पिकायला सहा ते आठ आठवडे. तडकायला लागली की बिया काढून ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये महिना-दीड महिना, मग पेरायच्या. फूल दिसायला दोन-तीन वर्षं. आणि एक अडचण, २२ गुणसूत्रांच्या जातीचा ४४ वालीशी संकर सहसा धरत नाही. हल्लीच्या जाड पाकळ्यांच्या, झालरवाल्या बऱ्याच जाती ४४ वाल्या असतात. तुमच्या बिननावाच्या वांगीचं काय ते, २२ वालीचे पराग लावून शेंग धरते की नाही यावरून अंदाज येईल.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, तरी आता लिहिते. रोप देण्याआधी विचारा, घरात मांजर आहे का. डे लिली आणि खरी लिली, दोन्ही मांजराला जीवघेण्या. पान चावलं, अंगाला लागलेला पराग चाटला, तरी किडन्या निकामी होऊ शकतात. असं झालं तर लक्षणांची वाट न बघता ताबडतोब डॉक्टर. मांजरवाल्यांना झेंडू द्या.

अंगणवेडी

बापरे, बरं झालं सांगितलंत. एका मैत्रिणीकडे दोन मांजरं आहेत आणि दोन्ही खिडकीतल्या कुंड्या चघळतात! तिच्या नावापुढे झेंडू लिहिलाय.

पट्टी सापडली नाही. सध्या ती 'डेकजवळची'.

सासूबाईंच्या गड्ड्यांचं कुणी बोललं नाही? त्या रोज विचारतायत. आणि त्यांनीच कुठेतरी वाचलंय की हिच्या कळ्या खातात, तर भजी करायची का म्हणे.

तिसरा_मजला

पुण्यातून. नाशिकचं मी सांगतो, कारण गच्चीत डे लिली आहे.

गड्डे बॅगेतून आणू नका. भारतात जिवंत रोपं आणायला प्लांट क्वारंटाइनच्या २००३ च्या आदेशानुसार आधी आयात परवाना लागतो, शिवाय निघालेल्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र. माती तर चालतच नाही. एक-दोन गड्ड्यांसाठी हा उपद्व्याप कोण करणार, आणि विमानतळावर सासूबाईंना कचरापेटीपाशी उभं करायचं नसेल तर विषय सोडा.

आणि आणून उपयोगही नाही. डे लिलीत काही जाती हिवाळ्यात पूर्ण जमिनीत झोपतात, काही बारमाही हिरव्या राहतात. स्टेला झोपणाऱ्यांतली. तिला खरी थंडी लागते. आपल्याकडे अशा जाती पहिलं वर्ष बऱ्या दिसतात, मग दर वर्षी फुटवे बारीक होत जातात. आपल्याकडे सदाहरित जातीच घ्याव्यात. नर्सरीत पिवळी आणि केशरी मिळते, पाटीवर नुसतं 'डे लिली' असतं. फक्त बघून घ्या, कारण त्याच पाटीखाली रेन लिली आणि स्पायडर लिलीही विकतात. रेन लिलीला कांदा, स्पायडर लिलीलाही कांदा. कुंडी थोडी उकरून बघितली की फसवणूक कळते.

इकडे फोडायची वेळ वेगळी. भर पावसात अजिबात नाही, जखमेत पाणी राहून गड्डा कुजतो. मी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात फोडतो. ते हुकलं तर फेब्रुवारीत. बारा इंची कुंडी, बुडाशी विटांचे तुकडे, मातीत भरपूर शेणखत आणि थोडी जाड वाळू. एप्रिल-मे मध्ये दुपारची सावली, नाहीतर फूल बाराच्या आतच मान टाकतं. एका कुंडीत तीन फुटवे लावले तर दोनेक वर्षांनी कुंडी चिरायची वेळ येते, तेव्हा पुन्हा फोडायची. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मित्रांना दिलेल्या फारशा फुलत नाहीत, ते पाला बघून समाधान मानतात.

खोडवा

तिसरा_मजला, झकास. स्टेला उष्ण मुलखात खंगते हे फ्लोरिडावालेही सांगतात.

कळ्यांचं खरं आहे. चिनी दुकानात वाळवलेल्या लांबट कळ्या गोल्डन नीडल्स म्हणून मिळतात, हॉट अँड सावर सूपमध्ये असतात त्या याच. तिकडे त्यासाठी मुख्यतः हेमेरोकॅलिस सिट्रिना ही पिवळी जात लावतात. भजी चांगली होतात, आमच्या घरी बेसनात ओवा घालून करतात. पण तीन गोष्टी. झाड डे लिलीच आहे याची खात्री हवी, खरी लिली पोटात घालायची नाही. आधीच्या मालकीणबाईंनी काय फवारलंय ते तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा या वर्षी नकोच. आणि पुढच्या वर्षी पहिल्यांदा दोन-चारच खा, शिजवून. काहींचं पोट बिघडतं. सोसल्या तर मग डिच लिलीच्या कळ्या खा भरपूर, तिचा सूड घेण्याचा तोच एक चविष्ट उपाय.

वाटपाबद्दल एक राहिलं. पानांच्या पाठीमागे केशरी भुकटी दिसते का बघा. पांढऱ्या टिश्यूनं पान पुसा, टिश्यू केशरी झाला तर तो तांबेरा. अमेरिकेत हा २००० साली पहिल्यांदा दिसला आणि रोपांच्या देवाणघेवाणीतूनच पसरला. जिवंत पाल्यावाचून तो तगत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत पाला मेला की तोही जातो. पण मैत्रीण जॉर्जियाला राहत असेल तर तिच्याकडे तो मुक्कामाला राहील. पिवळे लांबट पट्टे असतील तर तो वेगळा, साधा बुरशीचा डाग, घाबरू नका. तसंही देताना पाला कापून, मुळं धुऊन द्यायची, निम्मे रोग तिथेच उतरतात.

आणि प्रत्येक रोपाला चिठ्ठी बांधा. मार्करनं नको, उन्हात उडतो. पेन्सिलीनं लिहा.

अंगणवेडी

अपडेट! पायवाटेच्या एका अंगाचे ठोंब काढले. फोर्क शेजारच्या आजींकडून आणला. धुतल्यावर खरंच सगळं दिसायला लागलं, नवराही बसला टबात हात घालून. पाव कापायची सुरी आता कायमची बागेत गेली. गणपतीच्या वाटपाला पुरून उरतील इतके भाग निघाले. टिश्यू पांढराच राहिला.

पिल्लू कापून कुंडीत खोचलंय, खिडकीत आहे.

दोन शंका. सोडवताना काही एकेकटे फुटवे सुटले, काहींना जेमतेम दोन मुळं आहेत. टाकू का? आणि देताना लोक लगेच लावतीलच असं नाही, तोवर काय करायचं? वांगीला या वर्षी हात लावू की नको?

रानजाई

वांगीला लावू नका. एकच ठोंब आहे आणि नाव माहीत नाही, मेला तर परत आणणार कुठून? पिल्लू वसंतात तगलेलं दिसू द्या, मग पुढच्या ऑगस्टमध्ये फोडा. किंवा अगदीच राहवत नसेल तर पूर्ण न खणता, एका कडेची माती उकरून दोन फुटवे सुरीनं वेगळे करा. बाकी ठोंबाला कळणारही नाही.

खोडवा

रानजाईशी सहमत.

दोन मुळांचे फुटवे टाकू नका. गॅलनच्या कुंड्यांत लावा, सावली-उन्हात ठेवा, पाणी सांभाळा. कुंड्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवल्या तर गोठून मरतील, गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवा, महिन्यातून एखादं भांडं पाणी. पुढच्या उन्हाळ्यात फुलं मागू नका त्यांच्याकडे.

द्यायची रोपं ओल्या वर्तमानपत्रात मुळं गुंडाळून, सैल पिशवीत, तोंड उघडं ठेवून सावलीत ठेवा. आठवडाभर मजेत राहतात. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून गाडीच्या डिकीत नको, उकडून वास मारायला लागतात. सांगताना एवढंच सांगा, ऊन बघून लावा, इंचभरच माती, आणि पहिले दोन-तीन आठवडे पाऊस नसेल तर दोन-तीन दिवसाआड पाणी. पुढच्या जूनमध्ये फुलं बेताचीच येतील, त्याच्या पुढच्या वर्षी भरून येतील. हे आधीच सांगितलं नाही तर जूनमध्ये फोन येतात.

हरणांचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणजे अजून आलेली नाहीत. आपल्या भागात ती कळ्या बरोब्बर फुलायच्या आदल्या रात्री खातात. घराजवळ, पायवाटेला लावलेली त्यातल्या त्यात वाचतात. फवारे मिळतात, पण दर पावसानंतर पुन्हा मारावे लागतात.

आणि थंडीचं. नवी लावलेली रोपं पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठते-वितळते त्यात वर ढकलली जातात, जानेवारीत गड्डे उघडे पडलेले दिसतात. त्यासाठी जमीन एकदा कडक गोठू द्या, साधारण डिसेंबरात, आणि मग वाळक्या पानांचा तीन-चार बोटं थर घाला. आधी घातलात तर उंदीर मुक्कामाला येतात. मार्चमध्ये कोंब दिसले की तो थर बाजूला सारा, गड्ड्यावर ठेवू नका.